तुम्ही विचारलंत म्हणून: पक्ष्यांमधले औषधाला दाद न देणारे जंतू

“खिडकीत कबुतरं बसतात आणि पक्ष्यांमध्ये अँटिबायोटिकला न जुमानणारे जंतू सापडलेत म्हणे. मग आता काय करायचं?” हे आम्हाला वरचेवर विचारलं जातं. जंतू सापडलेत हे खरंच आहे. पण विचारणारे बहुतेकजण खिडकीला घाबरतात आणि स्वयंपाकघराकडे दुर्लक्ष करतात.

रानातल्या पक्ष्याला कोणी अँटिबायोटिक देत नाही. त्याच्या आतड्यात हे जंतू येतात ते आपल्याच सांडपाण्यातून, कचऱ्याच्या ढिगातून आणि पाळीव जनावरांच्या शेणा-खतातून. म्हणून माणसाच्या उकिरड्यावर पोट भरणाऱ्या सीगल, कावळ्यांसारख्या पक्ष्यांत ते पुन्हा पुन्हा सापडतात. कोलिस्टिन हे अगदी शेवटी राखून ठेवलेलं औषध. ते निकामी करणारं एमसीआर-१ जनुक २०१५ मध्ये चीनमधल्या डुकरांत, मांसात आणि रुग्णांत आढळल्याचं जाहीर झालं. पुढच्याच वर्षी ते लिथुआनिया आणि अर्जेंटिनातल्या सीगलमध्ये मिळालं.

हे ओळखायचं कसं? विष्ठेतला ई. कोलाय (आतड्यात राहणारा एक नेहमीचा जंतू) वाढवून तो बशीतल्या आगरवर, म्हणजे जंतू वाढवायच्या जेलीवर, एकसारखा पसरायचा आणि वर औषध जिरवलेल्या ६ मिलिमीटरच्या कागदी चकत्या ठेवायच्या. ३५ अंश सेल्सिअसला १६ ते १८ तास ठेवलं की, औषध चालत असेल तर चकतीभोवती जंतू न वाढलेलं स्वच्छ वर्तुळ दिसतं. सेफोटॅक्सिम या सेफालोस्पोरिन गटातल्या अँटिबायोटिकची एक चकती नुसती आणि दुसरी क्लॅव्ह्युलॅनिक आम्लासकट (ते जंतूचं औषध फोडणारं विकर अडवतं) लावतात. दुसरीचं वर्तुळ पहिलीपेक्षा ५ मिलिमीटरने किंवा त्याहून जास्त मोठं आलं, तर तो जंतू ईएसबीएल बनवतो, म्हणजे सेफालोस्पोरिन गटातली बरीच औषधं फोडून टाकणारं विकर (एन्झाइम). त्याचं जनुक बहुधा प्लाझ्मिडवर, म्हणजे जंतूतल्या डीएनएच्या छोट्या सुट्या तुकड्यावर, असतं आणि प्लाझ्मिड एका जंतूकडून शेजारच्या जंतूकडे जातं, जात वेगळी असली तरीही. त्यामुळे पक्ष्यातला निरुपद्रवी ई. कोलायही दुर्लक्ष करण्याजोगा नसतो.

असा जंतू आपल्या आतड्यात शिरला तरी बहुतेकदा काहीच होत नाही. तो गपचूप राहतो. पुढे कधी लघवीचा संसर्ग झाला आणि नेहमीचं औषध लागू पडलं नाही, की मग कळतं. तोवर तो पक्ष्याकडून आला, जेवणातून आला की दुसऱ्या माणसाकडून, हे सांगणं अवघड होऊन बसतं.

दिलासा एवढाच की औषधाला न जुमानणारा जंतू साबण, ब्लीच आणि उष्णतेपुढे इतर जंतूंइतकाच मरतो. विष्ठा सुकी झाडू नका, खरवडू नका. हातमोजे आणि एन-९५ मास्क घालून आधी ती साबणाच्या पाण्याने भिजवा, दहा मिनिटांनी पुसून काढा. मगच ब्लीच: ५ टक्क्यांचं १ भाग, पाणी ९ भाग, १० मिनिटं. घाणीवर थेट ओतलं तर क्लोरिन घाणीतच खर्ची पडतं आणि खालचे जंतू शाबूत राहतात. ब्लीच आणि आम्लाचं टॉयलेट क्लीनर कधीही एकत्र करू नका, विषारी वायू निघतो. (कबुतरांच्या धुळीने फुप्फुसाला होणारा ॲलर्जीचा आजार निराळा. त्यात अँटिबायोटिकचा संबंध नाही, पण मास्कचं मोठं कारण तोच आहे.)

अशा जंतूंची जोखीम जास्त आहे ती कच्च्या कोंबडीत. नळाखाली धुतली की शिंतोडे ओट्यावर, भांड्यांवर आणि कोशिंबिरीवर उडतात, म्हणून धुऊ नका. पाट आणि सुरी वेगळी ठेवा, हात साबणाने २० सेकंद धुवा आणि सगळ्यात जाड तुकडा आतून ७४ अंशांपर्यंत शिजू द्या. वरून रंग आला म्हणजे शिजली, असं नव्हे.

आणि ज्याबद्दल आम्हाला खरोखर राग येतो: पाळलेल्या पोपटाच्या पाण्यात अंदाजाने टाकलेली अँटिबायोटिकची पूड. आजारी पक्षी पाणी कमी पितो, कडू लागलं तर आणखी कमी. पिंजऱ्यात कॅल्शियमचा तुकडा टांगलेला असेल, तर टेट्रासायक्लिन आणि एन्रोफ्लॉक्सासिन त्याला चिकटतात आणि रक्तात पुरेशी पोचत नाहीत. पक्ष्याला मिळतो अर्धवट डोस, आणि अर्धवट डोसात तगून राहतात ते नेमके चिवट जंतू. आजार विषाणूचा असेल तर हा उपद्व्याप निव्वळ फुकट. पशुवैद्याकडून नमुना तपासून घ्या, डोस पक्ष्याच्या वजनावर ठरवून घ्या आणि तो शक्यतो चोचीत द्या.

तुम्हाला स्वतःला जुलाब झाले, तर बहुतेक वेळा मीठ-साखरेचं पाणी पुरतं. शौचातून रक्त पडत असेल, जोराचा ताप असेल किंवा रुग्ण तान्हं बाळ, गरोदर बाई अथवा म्हातारं माणूस असेल, तर डॉक्टरकडे जा, घरात पक्षी आहेत हे आपणहून सांगा आणि पहिली गोळी घेण्याआधी कल्चरसाठी (प्रयोगशाळेत जंतू वाढवून बघण्यासाठी) नमुना द्यायचा का, हे विचारा. गोळी आधी पोटात गेली, तर कल्चरमध्ये जंतू उगवतोच असं नाही.