जुन्या अग्निशमन केंद्राला केवळ रंगरंगोटी पुरत नाही
जुन्या अग्निशमन केंद्राच्या नूतनीकरणाची चर्चा बहुधा दरवाजांच्या रुंदीवरच अडते, कारण पूर्वीच्या लहान बंबांसाठी बांधलेल्या कमानीतून आजची शिडीची अवजड गाडी शिरत नाही. मला मात्र खरी निकड आतल्या हवेची वाटते. बंबाशेजारीच खुंटीला टांगलेला, काजळीने काळवंडलेला अंगरखा मी जवळून पाहिला आहे. त्याचा जळका वास जवानांच्या झोपण्याच्या खोलीपर्यंत येत होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलचा धूर आणि २०२२ मध्ये खुद्द अग्निशमनाचे काम कर्करोगकारक ठरवले आहे. त्यामुळे गाडीचा धूर नळीवाटे परस्पर बाहेर सोडण्याची सोय, गणवेश धुण्यासाठी स्वतंत्र खोली आणि महिला जवानांसाठी वेगळे स्नानगृह यांसाठी आधी पैसा राखून ठेवावा. दर्शनी भिंतीचा रंग थांबू शकतो.