निवासमंडप: पश्चिमेचा कोपरा बसला!

मंडळी, निवासमंडपाच्या (इस्राएल लोकांनी रानात देवासाठी उभारलेल्या तंबूच्या) प्रतिकृतीचा पश्चिमेचा कोपरा सुटला! तीन आठवडे तिथेच अडकलो होतो, त्यामुळे दीपवृक्षाचं (मंडपातल्या सात दिव्यांच्या दिवठणीचं) काम जिथे होतं तिथेच आहे.

आपलं प्रमाण आठवत असेलच: एक हात म्हणजे २ सेंमी. फळी २० सेंमी उंच, ३ सेंमी रुंद. उत्तर-दक्षिणेच्या वीस-वीस फळ्या निमूट उभ्या राहिल्या. घोळ मागच्या भिंतीत. सहा फळ्यांचे नऊ हात, परमपवित्रस्थान (मंडपाची सगळ्यात आतली खोली) दहा हात रुंद, आणि बायबलच्या निर्गम २६ मध्ये कोपऱ्यांसाठी आणखी दोन फळ्या. त्या ओळीत लावल्या तर बारा हात! फळीची जाडी तर वचनात कुठेच नाही.

मध्ययुगीन यहुदी भाष्यकार राशी जाडी एक हात धरतो. मग दोन्ही बाजूंची जाडी मिळून बाहेरून बरोबर बारा हात भरतात. हिशेब इतका सुरेख जुळला की मी २ सेंमी जाडीच्या फळ्या कापूनही आणल्या. पण गणना ७ वाचताना थबकलो. फळ्या वाहून नेणाऱ्या मरारीच्या वंशजांना गाड्या चार, बैल आठ. हातभर जाडीची भरीव बाभळीची फळी टनाच्या आसपास जाईल, आणि अशा ४८! ज्याने बैलगाडी हाकली आहे तो हे मान्य करणार नाही.

पडद्यांनीही तेच सांगितलं. मंडपावर टाकायचा बकऱ्याच्या केसांचा सहावा पडदा दारापुढे दुमडला की मागे बारा हात उरतात. भिंत दहा हात उंच. उरलेले दोन हात म्हणजे अर्धा पडदा, अगदी निर्गम २६ च्या १२व्या वचनातल्यासारखा. जाड फळी त्यातला एक हात खाऊन टाकते.

मग पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार योसेफस याची चार बोटं जाडी घेतली. आपल्या प्रमाणात जेमतेम ३ मिमी. आणि परवा रात्री सुचलं: कोपऱ्याची फळी उभी चिरून काटकोनात जोडायची! १.३ सेंमी मागच्या भिंतीत (एक सेंमी फट, तीन मिमी बाजूच्या फळीची जाडी), उरलेली १.७ सेंमी पट्टी बाजूला बाहेरून बिलगते. दोन पट्ट्यांखाली दोन उथळ्या (फळी ज्यांत रोवतात त्या बैठका), म्हणजे मागच्या सोळा उथळ्यांचा हिशेबही चुकत नाही. हा माझा अंदाज आहे, पण कोपरा हलवून पाहिला, तसूभरही हलत नाही. देवाची स्तुती असो.

लेझर कटिंगवाल्याने मात्र सगळ्या कडा जाळून दिल्या. काळ्या कडेवर सोनेरी रंग धरत नाही, ४८ फळ्या घासाव्या लागल्या. पुढच्या वेळी हातकरवतच. खरी बाभूळ एकाच फळीला वापरली, गावच्या सुताराने जुन्या औताचा तुकडा दिला. तिला सोनेरी रंग देणार नाही. सोन्याखाली कसलं लाकूड होतं ते मुलांनी हात लावून पाहावं.

तिसरा धडा सोन्यावर घेणार होतो. आता हे लिहिता लिहिताच बेत बदलतोय: आधी उथळ्या. शंभर किक्कार चांदीच्या शंभर उथळ्या, आणि ती चांदी ६,०३,५५० पुरुषांच्या अर्ध्या-अर्ध्या शेकेलातून (शेकेल म्हणजे तेव्हाचं चांदीचं वजन) आली. श्रीमंताने जास्त द्यायचं नाही, गरिबाने कमी नाही. किक्कार म्हणजे ३,००० शेकेल. एक उथळी एका किक्काराची, म्हणजे तिच्यात सहा हजार जणांनी आपल्या जिवाबद्दल दिलेली खंडणी, एक फळी बारा हजार जणांच्या प्रायश्चित्तावर उभी!

म्हणून मंडप तयार करून न्यायचाच नाही. ॲल्युमिनियमच्या शंभर उथळ्या कापतो, उपासनेला येणाऱ्यांच्या हाती एकेक देतो. त्यांनी टेबलावर मांडल्या की मग पहिली फळी उभी करायची. पट्टी उद्याच आणतो.