गाठीत निघालेलं फ्लेक्स

त्या पाळीचे १८० ब्लॉक शेडमागे ताडपत्रीखाली पडून आहेत. दिसायला चांगले आहेत, पण विकायचे नाहीत. त्यांचं काय करायचं, ते मला अजून सुचलेलं नाही.

आम्ही टाकाऊ पिशव्या आणि क्रशसँडचे पेव्हर ब्लॉक करतो. वजनाने साधारण ३० टक्के प्लास्टिक, बाकी वाळू. सिमेंट नाही, वितळलेलं पॉलिथिनच वाळू धरून ठेवतं. बघायला येणारे थेट प्लास्टिक वितळवणाऱ्या एक्सट्रूडरपाशी जातात, पण ब्लॉक चांगला होणार की नाही हे निवडणीच्या टेबलावरच ठरतं. आमच्या मावशी पिशवी मुठीत चुरगळतात. आवाज मऊ आला की एलडी, म्हणजे कमी घनतेचं पॉलिथिन; कुरकुरला की एचएम, म्हणजे जास्त घनतेचं. शंका आली तर तुकडा साबणाच्या पाण्यात बुडवून सोडायचा: पॉलिथिन वर येतं, पीव्हीसी (क्लोरीन असलेलं, जड प्लास्टिक) तळाशी राहतं. साबण नसेल तर हवेचे बुडबुडे चिकटून पीव्हीसीही तरंगतं आणि फसवतं.

निवडणुकीनंतरच्या आठवड्यात आलेली टाकाऊ प्लास्टिकची एक गाठ मावशींनी उचलून पाहिली. "दादा, हे जड लागतंय. आज नको घालू."

दुसऱ्या दिवशी माल पोचवायचा होता. मी म्हटलं, घाला.

हीटर १८० अंशांवर होता. तिसरा घाणा चालू असताना डोळे चुरचुरायला लागले, संडास धुवायच्या ॲसिडसारखा वास आला. मशीन बंद करून सगळ्यांना बाहेर काढलं. ऑपरेटर रात्रीपर्यंत खोकत होता. त्याला डॉक्टरकडे नेलं.

मग उरलेली गाठ फोडली. आत प्रचाराच्या फ्लेक्सच्या पट्ट्या. तांब्याची तार तापवून पट्टीला टेकवली आणि परत ज्योतीत धरली. ज्योत हिरवीगार. म्हणजे क्लोरीन. फ्लेक्स म्हणजे पॉलिस्टरच्या जाळीवर चढवलेलं पीव्हीसी. ते तापलं की हायड्रोक्लोरिक ॲसिडचा वायू सुटतो. डांबरी रस्त्यात प्लास्टिक घालतात, तिथेही पीव्हीसी चालत नाही. पण चौकातले फ्लेक्स उतरवणाऱ्यांच्या लेखी सगळं एकच: प्लास्टिक. मालासोबत आलेल्या चलनावरही तेवढंच लिहिलेलं होतं, आणि त्यावर सही माझी आहे.

सकाळी साच्याच्या घासून चकचकीत केलेल्या तोंडावर तांबूस गंज धरला होता.

आता गाडी आली की मावशी सुतळी कापून गाठ अंगणात पसरतात, मग मी सही करतो. "मी सांगितलं होतं," असं त्या अजून एकदाही म्हणालेल्या नाहीत.