बरोबरीचे हात आणि इस्पिकचा हट्ट

गणपतीच्या जागरणाला तीन पत्ती खेळत मोठे झालेले आम्ही गिरगावकर अलीकडे पोकरकडे वळलो आहोत, आणि पैशांऐवजी शर्टाची बटणे लावत असलो तरी दोन हात सारखे पडले की भांडण मात्र घरदार पणाला लावल्यासारखे होते. "माझा एक्का इस्पिकचा आहे, डाव माझाच," असे कोणीतरी हमखास ठणकावते. पोकरमध्ये या दाव्याला आधार नाही, कारण हातांची तुलना करताना इस्पिक, बदाम, चौकट आणि किलवर यांचे मोल एकच असते.

टेक्सास होल्डेम या पोकरच्या प्रकारात हातातली दोन आणि मध्ये उघडी ठेवलेली सर्वांची सामाईक पाच अशा सात पानांतून उत्तम पाच निवडायची असतात. सहावे आणि सातवे पान हिशेबात येतच नाही. समजा, मध्ये एक्का, राजा, राणी, नव्वी आणि तिर्री आहे. एकाकडे एक्का-सत्ती, दुसऱ्याकडे एक्का-चौकी. सत्तीवाला लगेच बटणे ओढू लागतो, पण दोघांचाही हात एक्क्यांची जोडी, राजा, राणी आणि नव्वी असाच ठरतो, म्हणून रक्कम निम्मी-निम्मी वाटली जाते. तेच सत्तीच्या जागी दश्शी असती, तर तिने नव्वीला बाहेर काढले असते आणि डाव जिंकला असता. जोडीबाहेरच्या या पानांना किकर म्हणतात. दोन जोड्या असतील तर आधी मोठी जोडी, मग लहान, मग पाचवे पान पाहायचे. फ्लशमध्ये, म्हणजे पाचही पाने बदाम किंवा किलवर अशा एकाच रंगाची असली की, वरून खाली एकेक पान.

तीन पत्तीत शो मागणाऱ्याचा आणि समोरच्याचा हात सारखा निघाला, तर प्रचलित नियमाने मागणारा हरतो. धाडसाची ही किंमत मला मजेशीर वाटते, तरी वाटणीच अधिक न्याय्य आहे.

वाटणीत एक बटण उरले, तर ते डीलरच्या डावीकडून मोजताना पहिल्या येणाऱ्या विजेत्याला मिळते. इस्पिकवाल्यांना एवढाच दिलासा, की पोकरच्या स्टड प्रकारात, जिथे मध्ये सामाईक पाने नसतात, हे उरलेले बटण देताना सर्वांत मोठे पान दोघांकडे सारखेच असेल, तर तिथे मात्र रंग पाहतात आणि इस्पिक सर्वांत वरचे मानतात.