प्राध्यापक का झाला नाहीत?

इतिहासात एम.ए., त्यावर ग्रंथालयशास्त्राची पदवी आणि नोकरी कोल्हापुरात, विद्यापीठाच्या ग्रंथालयात, एवढे ऐकले की समोरच्याचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "मग तुम्ही प्राध्यापक का नाही झालात?" विचारणाऱ्याच्या स्वरात थोडी सहानुभूतीही असते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांत सहायक ग्रंथपाल आणि सहायक प्राध्यापक यांची सुरुवातीची वेतनश्रेणी एकच आहे, परंतु हे सांगून कोणाचे समाधान होत नाही आणि ते माझे खरे उत्तरही नव्हे. तुम्ही विचारलेत म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझ्याकडे इतिहास आणि त्याला लागून असलेली सामाजिक शास्त्रे आहेत. या विषयांची पुस्तके निवडणे, विभागांशी बोलून नियतकालिके ठरवणे, नोंदी तपासणे ही कामे वर्षभर चालूच असतात. त्यांबद्दल सांगण्यासारखे फारसे नाही. प्रबंध सादर करण्याचे दिवस आले की प्लेजरिझमच्या, म्हणजे मजकूर दुसरीकडून उचलला आहे का हे दाखवणाऱ्या, अहवालासाठी गर्दी होते, आणि आपण दहा टक्क्यांच्या आत बसलो की नाही एवढ्याच काळजीने आलेल्या माणसाशी संशोधनाविषयी बोलणे मी केव्हाच सोडून दिले आहे.

खरी गोडी आहे ती विषय अजून धड ठरलेला नसताना येणाऱ्या विद्यार्थ्याशी बोलण्यात. "मॅडम, शाहू महाराजांवरची पुस्तकं कुठं आहेत?" असे विचारत एक मुलगा आला होता. कपाटाकडे बोट दाखवले असते तर तोही खूश झाला असता. पण साताऱ्याचे छत्रपती शाहू की कोल्हापूरचे राजर्षी, हे आधी विचारावे लागते, आणि कोल्हापुरात हा प्रश्न विचारला की समोरचा चमकून बघतो. त्याला अर्थातच राजर्षी हवे होते. बोलता बोलता लक्षात आले की त्याला चरित्र नकोच होते. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग हे विद्यार्थ्यांचे वसतिगृह सुरू झाले आणि पुढच्या काही वर्षांत निरनिराळ्या समाजांची बोर्डिंगे कोल्हापुरात उभी राहिली. त्यांचा रोजचा खर्च कसा भागत होता, दरबारची देणगी किती, समाजाची वर्गणी किती, जमिनीचे उत्पन्न किती, हे त्याला शोधायचे होते. हा प्रश्न शब्दांत मांडायलाच आम्हाला बराच वेळ लागला.

असा प्रश्न कोणत्याही एका कपाटात सापडत नाही. पुस्तकांना विषयवार क्रमांक देणाऱ्या ड्यूई दशांश वर्गीकरणात भारताचा इतिहास ९५४ मध्ये, शिक्षण ३७० मध्ये आणि जातींचा विचार ३०५ मध्ये जातो, त्यामुळे एकाच बोर्डिंगविषयीचा मजकूर तीन ठिकाणी विखुरलेला असतो. संगणकावर शोधायचे म्हटले तर शुद्धलेखन आडवे येते. १९६२ च्या नियमांपूर्वी छापलेल्या पुस्तकांवर 'राजर्षि' असे ऱ्हस्वान्त रूप आढळते आणि अनुस्वारही जागोजागी असतात. नोंद मुखपृष्ठाबरहुकूम केलेली असेल, तर आजच्या पद्धतीने टंकलेला शब्द तिच्यापर्यंत पोहोचत नाही. शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारातल्या जुन्या मराठी प्रबंधांची गत याहून वाईट आहे. ते युनिकोड ही अक्षरांची सर्वमान्य संगणकीय पद्धत रूढ होण्यापूर्वीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेले असले, तर पडद्यावर मराठी नीट दिसते, पण त्यातली ओळ कॉपी करून दुसरीकडे चिकटवली की रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी हाती येते. तो प्रबंध शब्द टाकून सापडणार कसा? तो आहे हे कोणाला तरी माहीत असावे लागते.

पुढची पायरी पुरालेखागाराची, म्हणजे जुनी दप्तरे जपणाऱ्या कार्यालयाची. तिथे मोडी वाचता आली पाहिजे आणि कागदावर फसली सन, म्हणजे जुन्या महसुली कारभारातली कालगणना, असेल तर त्यात ५९० किंवा ५९१ मिळवून इसवी सन काढता आला पाहिजे. मोडी मी त्या मुलाला शिकवू शकत नाही, पण तिथे जाण्यापूर्वी कोणत्या खात्याची कोणत्या सालची दप्तरे मागायची याची यादी त्याच्या हातात असेल, एवढे मी पाहू शकते. ही यादी करणे हेच माझ्या मते विषयतज्ज्ञ ग्रंथपालाचे मुख्य काम आहे.

आता 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' ही संशोधन-नियतकालिके एकत्रित वर्गणीतून पुरवणारी केंद्र सरकारची योजना आल्यापासून हे काम उरणार नाही, असे काही सहकाऱ्यांना वाटते. जानेवारी २०२५ पासून या योजनेतून सुमारे १३,००० नियतकालिके सरकारी संस्थांना मिळू लागली आहेत, आणि रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला त्याचा मोठाच फायदा आहे. मात्र बोर्डिंगच्या हिशेबाची वही त्या १३,००० मध्ये नाही. बाहेरचे सगळे जग घरपोच मिळू लागले असताना आपल्याच कोल्हापूरच्या दसरा चौकातले काही शोधायचे तर माणसालाच विचारावे लागते, ही परिस्थिती मला तरी थोडी गमतीची वाटते.

तर प्राध्यापक का झाले नाही? प्राध्यापकाला अभ्यासक्रम ठरलेला असतो आणि तो वर्षाअखेर संपवावा लागतो. माझ्याकडे येणारा प्रत्येक जण वेगळा आणि बहुधा अर्धवट प्रश्न घेऊन येतो, आणि तो पुरा होताना मला त्याच्या शेजारी बसायला मिळते. उत्तर पुढे त्याचे तो लिहितो. ते बरोबर की चूक, हे त्याचे मार्गदर्शक पाहतात. मला ही वाटणी मनापासून पसंत आहे, आणि एम.ए. वाया गेले असे कधीच वाटले नाही, कारण इतिहास न शिकता वरच्या मुलाला दुसरा प्रश्न विचारणे मला सुचलेच नसते.

सध्या आम्ही संस्थांच्या स्मरणिकांची यादी करत आहोत. रौप्यमहोत्सवाला किंवा सुवर्णमहोत्सवाला छापलेल्या या पातळ पुस्तिकांत देणगीदारांची नावे, विश्वस्तांची छायाचित्रे, कधीकधी जमाखर्चही असतो, आणि फारच थोड्या ग्रंथालयांत त्यांची नोंद झालेली असते. तुमच्या घरी माळ्यावर एखाद्या बोर्डिंगची, तालमीची किंवा पतपेढीची अशी स्मरणिका असेल, तर रद्दीवाल्याला देण्यापूर्वी ती ग्रंथालयात आणून दाखवा. ठेवून घ्यायची नसेल तर आम्ही स्कॅन करून परत देऊ.