पन्हाळ्याचा तिरका जांभा

गेली अकरा वर्षे मी कोल्हापुरातील एका महाविद्यालयात भूशास्त्र शिकवतो आणि दर डिसेंबरात दुसऱ्या वर्षाच्या मुलांना घेऊन पन्हाळ्याला जातो. शहरापासून जेमतेम २० किलोमीटरवर, एका दिवसाच्या चालण्यात दख्खनच्या पठाराची रचना पायाखालून जाते. खाली सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा काळा बेसाल्ट आणि माथ्यावर त्याच बेसाल्टच्या झिजेतून तयार झालेला जांभा. या जांभ्याचा तळ कुठे लागतो ते शोधून डोंगराचा उभा छेद, म्हणजे डोंगर उभा कापल्यासारखे थर दाखवणारे चित्र, काढणे, हे त्या दिवसाचे मुख्य काम असते.

त्या वर्षीही वाघबीळ सोडल्यावर घाटात थांबून आम्ही बेसाल्ट पाहिला. कांद्याच्या पापुद्र्यांसारखे सुटत जाणारे गोटे आणि लाव्हातील वायूच्या पोकळ्यांत मागाहून भरलेले पांढरे खनिजांचे दाणे मुलांनी भिंगाखाली घेतले, सौम्य आम्लाचा थेंब टाकून कॅल्साइट कोणते आणि झिओलाइट कोणते ते ठरवले. नंतर वर जाऊन तटाखालच्या कड्यात जांभा पाहिला. बेसाल्टमधले सिलिका, चुना, सोडियम, मॅग्नेशियम पावसाने वाहून नेले की लोह आणि ॲल्युमिनियम मागे उरतात, आणि पाणी मुरण्याच्या वाटांनी दगडात नळ्यांसारखी भोके पडतात. त्या कड्यात ही भोके बहुतेक उभी आहेत. एवढे सांगून मी सर्वांना पायवाटेने उतरवले आणि नेहमीच्या दगडापाशी आणले.

हा दगड एखाद्या खोलीएवढा असून अर्धा उतारात रुतलेला आहे. त्याच्याखाली थोड्याच अंतरावर बेसाल्ट उघडा पडलेला दिसतो, म्हणून जांभ्याचा तळ इथेच, असे मी अकरा वर्षे सांगत आलो होतो. मुले वह्या काढून उंची लिहू लागली. तेवढ्यात मागून आवाज आला, "सर, ह्यातल्या काड्या बघा की, सगळ्या तिरक्याच बसायला लागल्यात."

बोलणारी मुलगी गारगोटीकडची होती. (भूशास्त्राच्या वर्गात आलेल्या मुलीच्या गावाचे नाव गारगोटी, यावरून वर्षभर विनोद झाले होते.) तिने वाळलेल्या गवताच्या काड्या एकेका भोकात खोचल्या होत्या आणि त्या साऱ्या एकाच बाजूला, दरीकडे, कलल्या होत्या. वरच्या कड्यातही तिने हाच उद्योग केला होता, तिथे काड्या सरळ उभ्या राहिल्या होत्या. मी कल मोजणारे उपकरण, क्लिनोमीटर, लावले, कल ३० अंशांच्या आसपास भरला. सवयीप्रमाणे मी म्हणालो, की पाणी वाकडेही मुरू शकते. ती गप्प बसली नाही. "आमचे वडील विहिरीची कामं घेतात. दगड जाग्यावरचा हाय का वरनं सरकून आलेला, ते आधी बघतात. न्हाईतर सुरुंग वाया जातो."

मग मात्र आम्ही दगडाच्या खालच्या कडेला खोदले. हातभर आतही कातळ लागला नाही; लागली ती मुळांनी भरलेली भुसभुशीत माती, आणि तिच्यात बोटभर लांबीचा कौलाचा तुकडा. जांभा घडायला लाखो वर्षे जातात आणि कौल माणसाने भाजलेले असते. दगड कौलाच्या वर बसला होता याचा अर्थ सांगायची गरजच उरली नाही, मुले माझ्याकडे पाहत होती.

दुपारचे जेवण राहिले बाजूला. आम्ही पुन्हा चढत निघालो आणि जागेवरच्या जांभ्याचा खरा तळ उंचीमापकावर १८ मीटर वर सापडला. तिथे जांभ्याखाली पिवळसर, जांभळट छटांची चिकणमाती होती आणि डिसेंबर असूनही तिला हात लावला की बोटे ओली होत होती. जांभ्याच्या भोकांतून पाणी खाली येते, ही माती ते पुढे सहज जाऊ देत नाही, स्वतः मात्र भिजून मऊ होते, आणि मग वरचा जड थर भेगांवर सुटून उताराला लागतो. २०२१च्या जुलैत अतिवृष्टीने पन्हाळ्याचा रस्ता खचला, त्यानंतर हीच प्रक्रिया मी फळ्यावर कितीतरी वेळा काढून दाखवली होती. तिचाच जुना, स्थिरावलेला नमुना मी दरवर्षी टेकायला वापरत होतो. डबेही त्याच्याच सावलीत उघडायचे.

परत आल्यावर प्रयोगशाळेतील भिंतीवरचा छेद उतरवला. जांभ्याची जाडी शाईने रंगवलेली असल्याने खोडता येईना, म्हणून कागदाची पट्टी डकवून त्यावर नवी रेघ ओढली. कपाटात अकरा वर्षांच्या प्रात्यक्षिक वह्या आहेत आणि त्यांतल्या प्रत्येक चुकीच्या छेदाखाली माझी सही आहे. मुलांची काळजी वेगळीच होती, परीक्षेत जुनी जाडी लिहायची की नवी? नवी, असे मी सांगितले खरे. पण बहिस्थ परीक्षक म्हणून येणाऱ्या गृहस्थांना काही वर्षांपूर्वी तोच दगड मीच मोठ्या उत्साहाने दाखवला होता. त्यांना त्याच संध्याकाळी फोन लावला.