चाकाला काम हवं: चतुराचं पॅनेल आणि घड्याळाचं पेंडंट

सध्या माझ्या हातात स्टीमपंक शैलीच्या, म्हणजे वाफेच्या यंत्रांच्या काळातल्या कल्पित यंत्रांसारख्या दिसणाऱ्या, तीन वस्तू आहेत: भिंतीवर टांगायचं पॅनेल, जुन्या घड्याळाच्या यंत्राचं पेंडंट आणि तसेच डूल. पॅनेलची मांडणी एकदाची ठरली आणि पेंडंटचं पितळ हवं तितकं काळवंडलं. डूल मात्र अजून डबीतच आहेत, त्यांच्याबद्दल शेवटी.

स्टीमपंकला लोक एक टोमणा नेहमी मारतात: तपकिरी रंग द्या, वर दोन-चार दातेरी चाकं चिकटवा, झालं. टोमणा झोंबतो, कारण बऱ्याच कामांना तो लागू पडतो. म्हणून सध्या हातात असलेल्या सगळ्या कामांना मी एकच अट घातली आहे. चाक दिसलं की त्याला काम असलं पाहिजे. ते खरोखर फिरायलाच हवं असं नाही, पण जोर कुठून येतो आणि कुठे जातो हे बघणाऱ्याला बोटाने दाखवता आलं पाहिजे. फ्रान्समध्ये नाँत शहरात २००७ पासून १२ मीटर उंचीचा यांत्रिक हत्ती चालतो. त्याचा आकार छाती दडपणारा आहेच, पण खरी मजा त्याच्या सांध्यांत आहे. पाय उचलणारे सिलिंडर झाकलेले नाहीत, त्यामुळे पाऊल कशाने पडतं ते दिसतं.

तर पॅनेल. ३० बाय ४० सेंटिमीटरचा एमडीएफ (लाकडाच्या भुशाची दाबून केलेली फळी), डावीकडे खाली बॉयलर (पुठ्ठ्याची नळी उभी चिरून), मध्ये चाकांची साखळी, आणि उजवीकडे वर पंख हलवणारा चतुर, तोच पाण्याकाठी भिरभिरणारा.

सगळ्यात जास्त वेळ चाकांनी खाल्ला. एकमेकांत अडकलेली दोन चाकं उलट दिशांना फिरतात. तिसरं चाक त्या दोघांनाही भिडवलं की तिन्ही जाम. पहिलं उजवीकडे, दुसरं डावीकडे, मग तिसऱ्याने जायचं कुठे? तीन चाकांचा हा त्रिकोण भरगच्च दिसतो म्हणून जागोजाग वापरला जातो, पण ज्याला यंत्र कळतं त्याच्या डोळ्यात तो लगेच खुपतो. त्यामुळे माझी चाकं ओळीने जातात, कुठेही गोल पूर्ण करत नाहीत.

दातांचं मापही जुळायला हवं. भिडणाऱ्या दोन्ही चाकांचं मोड्यूल एकच असतं. मोड्यूल म्हणजे मिलिमीटरमधला व्यास भागिले दातांची संख्या. हा व्यास दातांच्या टोकांपर्यंतचा नव्हे, दातांच्या साधारण मधून जाणाऱ्या वर्तुळाचा. मी मोड्यूल २ धरलं. त्याहून बारीक दात २ मिमी जाड करड्या पुठ्ठ्यात हाताने कापताना कोपरे चुरगळतात. म्हणजे ३६ दातांचं चाक ७२ मिमी, १२ दातांचं २४ मिमी, आणि दोघांच्या मध्यांतलं अंतर दोन्ही व्यासांच्या बेरजेच्या निम्मं, ४८ मिमी. एवढं गणित कागदावर केलं की चाकं बसवताना सरकवासरकव उरत नाही.

आणि चाकं एका पातळीवर ठेवू नका. घड्याळात मोठं चाक पिनियनला, म्हणजे थोड्या दातांच्या लहान चाकाला फिरवतं आणि पुढचं मोठं चाक त्या पिनियनच्याच दांड्यावर बसलेलं असतं. मी तीच रचना उचलली. ३६ ने १२ ला फिरवलं की वेग तिप्पट, असे दोन टप्पे घेतले की नऊपट. बॉयलरच्या वाफेवर चालणारा पिस्टन संथ आणि पंख भिरभिरते, याचं कारण चित्रातच तयार झालं. वर फायदा असा की प्रत्येक टप्पा आधीच्यापेक्षा एक थर वर येतो आणि चाकांच्या सावल्या एकमेकांवर पडतात. ती खोली नुसत्या रंगाने आणायला किती झगडावं लागतं ते तुम्हाला माहीत आहेच. शेवटच्या चाकावर मध्यापासून बाजूला एक खुंटी आहे आणि खुंटीपासून पंखाच्या मुळाशी जाणारी तार.

पुठ्ठ्याच्या कापलेल्या कडांवर पातळ केलेला पांढरा ग्लू आधी फिरवून वाळू द्यावा, नाहीतर गेसो (रंगाआधीचं अस्तर) लागताच कडा फुलतात आणि चाक धातूचं वाटतच नाही. वरून काळा गेसो. मग रंग, आणि रंगालाही तीच अट: डाग कशामुळे पडला?

लोखंड गंजतं, पितळ आणि तांबं कळकतं. पितळी नळीवर नारिंगी गंज किंवा लोखंडी बोल्टवर हिरवट निळी झाक दिसली की सगळा भास मोडतो. गंज जिथे पाणी थांबतं तिथे: बोल्टच्या डोक्याखाली, पत्र्याच्या खालच्या कडेला, दोन पत्रे जुळतात त्या फटीत. चकाकी जिथे घासलं जातं तिथे: दातांच्या टोकांवर, मुठीवर, बिजागरीवर. कळक खोलगट जागी, कारण तिथे कोणाचा हात पोचत नाही. बॉयलरच्या झडपेखाली मी क्षाराचे पांढुरके ओघळ दिले, कारण गळकी झडप तसे देते. आगीच्या दाराभोवती काजळी.

गंजासाठी बर्न्ट अंबर हा गडद तपकिरी रंग स्पंजने ठोकला आणि तो ओला असतानाच चिमूटभर सोडा भुरभुरवला, त्याने खरखरीत पोत येतो. वाळल्यावर तांबूस तपकिरी बर्न्ट सिएना, पण आधीचा रंग पूर्ण न झाकता. नारिंगी अगदी शेवटी, अगदी थोडा, टोकाशी. मग ओल्या ब्रशने बोल्टपासून सरळ खाली एक ओघळ ओढायचा. ओघळ तिरका गेला तर पॅनेल टांगल्यावर ते कळतं, त्यामुळे हे काम पॅनेल उभं करूनच. दातांच्या टोकांवर सोनेरी वॅक्स पेस्ट बोटाने, ब्रशने नाही. बोट आपोआप उंच भागालाच लागतं.

आता पेंडंट. यात बायकांच्या जुन्या किल्लीच्या मनगटी घड्याळातलं यंत्र आहे, १७ ज्वेलचं (म्हणजे आत १७ खडे असलेलं), बॅलन्सची, म्हणजे मागेपुढे झुलणाऱ्या चाकाची, दांडी मोडलेली आणि त्याच्या केसासारख्या बारीक स्प्रिंगचा, हेअरस्प्रिंगचा, गुंता झालेला. चालू किंवा दुरुस्त होण्याजोगं घड्याळ मी फोडत नाही. फोडणाऱ्यांवर घड्याळांचे संग्राहक चिडतात, आणि त्यांचं बरोबर आहे.

यंत्रातले ते लाल ठिपके माणिकच, फक्त खाणीतले नव्हेत. ज्वाळेत पूड वितळवून माणिक वाढवण्याची वेर्नुईची पद्धत १९०२ मध्ये प्रसिद्ध झाली आणि पुढे घड्याळांना तीच माणकं मिळू लागली. चाकांच्या दांड्यांची टोकं त्यांच्यात फिरतात, म्हणजे झीज कमी. दागिन्यातला खडा आधीपासूनच कामाला लागलेला असेल तर वर आणखी काचेचे खडे कशाला चिकटवायचे? या पेंडंटमध्ये ते माझ्याकडून पूर्ण बाद. पुलांची, म्हणजे चाकांच्या दांड्या वरून धरणाऱ्या पट्ट्यांची, बाजू दर्शनी ठेवली आहे, माणकं आणि बॅलन्स चाक दोन्ही दिसतील अशी.

जुनं यंत्र उघडणाऱ्यांसाठी थोडं. मुख्य स्प्रिंगमध्ये ताण शिल्लक असू शकतो. किल्ली बोटांत धरून, खटका बाजूला दाबून, ती हळूहळू उलटी सुटू द्यावी आणि मगच स्क्रूला हात लावावा. चष्मा हवाच. धुवायला स्पिरिट नको. पॅलेटचे (चाकांना टप्प्याटप्प्याने सोडणाऱ्या भागाचे) खडे लाखेने बसवलेले असतात आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. लायटरचं पेट्रोल चालतं, अर्थात ज्योतीपासून लांब, खिडकी उघडी ठेवून. आणि जुन्या डायलवर किंवा काट्यांवर अंधारात चमकणारा रंग असल्याची शंका आली तर खरवडू नका, घासू नका, डायल बाजूला ठेवा. रंगाची चमक केव्हाच विझलेली असते, पण त्यात रेडियम असेल तर ते तसंच असतं. रेडियम-२२६ चं अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षं आहे.

मागची चकती पितळेची. लिव्हर ऑफ सल्फर हे गंधकाचं रसायन तांब्याला आणि चांदीला झटकन काळं करतं, पितळेवर मात्र फारसं चालत नाही. त्यावर उपाय वापरून वापरून निळ्या झालेल्या पिकलमध्ये (धातू साफ करायच्या आम्लात) आहे. त्या आम्लात तांबं विरघळलेलं असतं. पितळेला लोखंडी तार गुंडाळून आत टाकलं की वर तांब्याचा पातळ गुलाबी थर चढतो. एरवी याच थरामुळे आपण चुकूनही लोखंडी चिमटा पिकलमध्ये घालत नाही, इथे तोच हवा आहे. मग चकती धुऊन लिव्हर ऑफ सल्फरच्या कोमट, फिकट पिवळ्या द्रावात. आधी सोनेरी, मग जांभळट, मग काळा. द्राव कडक असेल तर थर जाड बसतो आणि पापुद्र्याने निघतो. बारीक स्टील वूलने उंच भाग उघडे केले आणि मायक्रोक्रिस्टलाइन वॅक्स लावलं.

जोडणी पूर्ण थंड. सोल्डरच्या उष्णतेने यंत्रावरचा निकेलचा मुलामा जातो, पोलादी भागांचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरतं. सुपरग्लूची वाफ चकचकीत पुलांवर पांढरी धूसर साय धरते. पण यंत्राच्या कडेला त्याला घड्याळाच्या डबीत धरून ठेवणारे दोन छोटे स्क्रू होतेच. चकतीवर पितळेचे दोन कान रिव्हेटने बसवले आणि यंत्र त्याच स्क्रूंनी धरलं. रिव्हेट १ मिमी तारेचे, भोक तंतोतंत १ मिमी, तार दोन्हीकडे जाडीच्या निम्मी, म्हणजे अर्धा मिमी बाहेर. हातोडीचे टोले मध्यावर नकोत, कडेने गोल फिरत, हलके, आणि दर काही टोल्यांनंतर काम उलटं करायचं. जोरात मारलं की तार वाकते आणि डोकं एका बाजूला झुकतं.

स्क्रू निळे केले, हा या कामातला माझा सर्वात आवडता भाग. साध्या कार्बन पोलादाचा स्क्रू आरशासारखा घासून, तेलाचा अंशही न ठेवता, पितळेच्या किसात अर्धा रोवायचा आणि खालून स्पिरिटचा दिवा. कीस उष्णता सारखी पसरवतो. सुरुवातीला काहीच होत नाही. साधारण २२० ते २३० अंशांना गवती पिवळा, मग तपकिरी, २८० च्या आसपास जांभळा, ३०० कडे जाताना निळा. तपकिरी ते निळा हा प्रवास इतका चटकन होतो की नजर हलवायची नाही. जांभळ्यात निळं मिसळू लागलं की चिमट्याने उचला, कारण अंगातल्या उष्णतेने रंग पुढे सरकत राहतो. थोडा उशीर झाला की फिकट करडा, आणि मग पुन्हा घासण्यापासून सुरुवात.

डुलांचं अडलंय ते कानात अडकवायच्या आकड्यांवर नाही, जोडीवर. एकाच जातीची दोन यंत्रं घेतली तरी ती एकमेकांची आरशातली प्रतिमा होत नाहीत, दोन्हींत बॅलन्स एकाच बाजूला येतो. एक उलटं टांगलं तर बॅलन्स दोन्हीकडे बाहेरच्या बाजूला जातो, पण पुलावरची अक्षरं उलटी होतात. मला अक्षरं उलटी चालतील असं वाटायला लागलंय. आकडे टायटॅनियमचे घेतलेत. जुन्या यंत्रावर निकेल असतं आणि ते बऱ्याच जणांच्या कानांना सोसत नाही, म्हणून यंत्राची मागची बाजूही पातळ चामड्याने झाकणार आहे.

पॅनेलवर आता फक्त चतुराचे पंख राहिलेत. चौकटीला तांब्याची तार, आतल्या शिरांना त्याहून बारीक तार, आणि शिरांच्या मधल्या जागेत यूव्ही रेझिनचा, म्हणजे अतिनील प्रकाशात घट्ट होणाऱ्या पारदर्शक द्रवाचा, पडदा. लहान खणांत पडदा छान धरतो, मोठ्या खणांत क्युअर होण्याआधीच, म्हणजे घट्ट होण्याआधीच, फुटतो. मोठे खण तारेने आणखी विभागायचे की खाली पारदर्शक फिल्म द्यायची, यावर अडले आहे. फिल्म न देता कोणी मोठा खण भरला असेल तर रेझिन किती घट्ट घेतलं होतं तेवढं सांगा.